जुना डिजिटल कॅमेरा घेताय? आधी मालकांची मतं नीट वाचा

वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या स्वस्त, छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांना पुन्हा मागणी आली आहे. कॉलेजातली मुलं ते जुन्या बाजारात हुडकतात. कुणाच्या घरी कपाटाच्या वरच्या खणात एखादा पडलेला असतो आणि तो चालू करून पाहावासा वाटतो. मग शोधाशोध सुरू होते ती ज्यांनी तो कॅमेरा वापरला त्यांच्या मतांची. आणि इथेच गोंधळ उडतो. त्याच मॉडेलबद्दल एक जण सांगतो की इतका चांगला कॅमेरा पुन्हा मिळाला नाही. दुसरा म्हणतो, पैसे वाया गेले. बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. फक्त त्यांनी तो वेगळ्या सेलवर, वेगळ्या हवेत आणि वेगळ्या वर्षी वापरलेला असतो.

म्हणून मत वाचताना किती जण ‘चांगला’ म्हणाले ते मोजण्यात अर्थ नाही. मत कुठल्या परिस्थितीत तयार झालं ते शोधावं लागतं. ते कसं शोधायचं हे एकच कॅमेरा समोर ठेवून सांगतो, कारण सगळ्या कॅमेऱ्यांबद्दल मोघम बोलून कुणाच्या हाती काही लागत नाही. मी निवडलाय कॅननचा पॉवरशॉट ए७०.

हा कॅमेरा २००३ च्या सुरुवातीला आला, सोबत त्याचा धाकटा भाऊ ए६० होता. ए७० ला ३.२ मेगापिक्सेलचा सेन्सर, तीन पट ऑप्टिकल झूम, दीड इंचाचा पडदा, वर डोळा लावून पाहायचा व्ह्यूफाइंडर, चार पेन्सिल सेल आणि कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड. अमेरिकेत किंमत ३५० डॉलरच्या आसपास होती. आज हे आकडे किरकोळ वाटतील, पण त्या काळच्या मालकांना यात एक गोष्ट फार मोलाची वाटली, आणि त्यांचं बरोबर होतं. शटरचा वेग आणि ॲपर्चर स्वतः ठरवण्याची सोय या किमतीत सहसा मिळत नसे. त्यासाठी कॅननच्याच जी३ सारख्या बऱ्याच महाग कॅमेऱ्याकडे जावं लागे. ए७० च्या डायलवर पी, टीव्ही, एव्ही आणि एम हे चारही मोड होते. शटर १५ सेकंदांपर्यंत उघडा ठेवता येई. म्हणजे ट्रायपॉडवर लावला की दिवाळीच्या रात्रीची आकाशकंदिलांची रांग किंवा पुलावरून जाणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांच्या रेषा टिपता येत. फोटोग्राफी शिकायला निघालेल्या माणसाला हा कॅमेरा का आवडला असेल हे यावरून कळतं.

आता तक्रारी पाहू. सगळ्यात जास्त तक्रार सेल लवकर संपतात ही. हे मत वाचलं की लगेच विचारा, सेल कुठले होते? दुकानात मिळणारे साधे पेन्सिल सेल घड्याळात वर्षभर चालतात, कारण घड्याळाला वीज अगदी थोडी लागते. कॅमेऱ्याचं तसं नाही. लेन्स बाहेर येताना, फ्लॅश भरताना, पडदा चालू असताना तो एकदम खूप वीज ओढतो. अल्कलाइन सेलचा आतला रोध जास्त असल्याने अशा ओढीत त्याचा दाब खाली येतो, आणि सेलमध्ये वीज शिल्लक असूनही कॅमेरा ‘सेल बदला’ म्हणतो. त्यापेक्षा स्वस्त झिंक-कार्बन सेल तर या कामाचेच नाहीत. याउलट निकेल मेटल हायड्राइड जातीचे, पुन्हा चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचेच असले तरी ओढ सहन करतात आणि त्यांचा दाब बराच वेळ टिकतो. ज्या मालकांनी चांगला चार्जर आणि असे चार सेल वापरले त्यांनी याच कॅमेऱ्याच्या सेलची स्तुती केली आहे. म्हणजे ‘बॅटरी वाईट’ आणि ‘बॅटरी उत्तम’ ही दोन मतं एकाच कॅमेऱ्याबद्दल असली तरी वेगवेगळ्या सेलबद्दलची आहेत.

यात वर्षाचाही संबंध आहे. २००३ मधल्या चार्ज होणाऱ्या सेलना नुसतं ठेवून दिलं तरी ते काही आठवड्यांत उतरत. २००५ च्या अखेरीस सान्योने एनेलूप आणले आणि महिनोन्‌महिने चार्ज टिकवणारे सेल सर्रास मिळू लागले. त्याआधीच्या माणसाची ‘महिनाभराने काढला तर बंद होता’ ही तक्रार आज तुम्हाला लागू होत नाही. आज असे चार सेल घेतले की प्रश्न सुटतो. वर एक मोठा फायदाही आहे. त्याच काळातल्या ज्या कॅमेऱ्यांना स्वतःची खास लिथियम बॅटरी लागे, त्यांची ती बॅटरी आता मेलेली असते आणि नवी मिळाली तरी बिनभरवशाची असते. पेन्सिल सेल गावातल्या किराणा दुकानातही मिळतात. जुना कॅमेरा निवडताना मी पेन्सिल सेलवर चालणाराच सुचवतो, आणि या बाबतीत मला दुसरं मत नाही.

दुसरी नेहमीची तक्रार ‘फोटो उशिरा निघतो’ ही. बटण दाबलं आणि मूल वळलं, फोटोत त्याची पाठ आली. यात कॅमेऱ्याचा दोष आहेच, त्या पिढीचे सगळे छोटे कॅमेरे फोकस करायला वेळ घेत. पण बटण आधी अर्धं दाबून फोकस धरून ठेवला आणि नेमक्या क्षणी पूर्ण दाबलं, तर उशीर खूपच कमी होतो. मालकाने हे केलं होतं की थेट पूर्ण दाबत होता, हे त्याच्या मतात बहुधा लिहिलेलं नसतं. त्याने पुढे काय काय लिहिलंय त्यावरून अंदाज बांधावा. शटरचा वेग, आयएसओ असले शब्द त्याच्या बोलण्यात असतील तर त्याची उशिराची तक्रार गंभीरपणे घ्या.

‘घरात काढलेले फोटो दाणेदार येतात’ ही तक्रार मात्र पूर्ण खरी आहे. नखाएवढ्या सेन्सरकडून मंद उजेडात जास्त अपेक्षा करता येत नाही. ए७० मध्ये आयएसओ ५० ते ४०० आहे. ५० आणि १०० वर उन्हातला फोटो स्वच्छ येतो, ४०० वर रंगीत ठिपके दिसू लागतात. फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळ असल्याने माणसांचे डोळे लाल होतात. मागचं दृश्य धूसर करून चेहरा उठून दिसावा, अशी अपेक्षा ठेवून घेतलेल्यांची निराशा झाली, आणि ती होणारच होती. इतक्या लहान सेन्सरवर ॲपर्चर कितीही मोठं ठेवलं तरी मागचं बरंचसं स्पष्टच राहतं.

आणि मेगापिक्सेल? इथे मोबाइलशी तुलना करून दिलेली आजची मतं दिशाभूल करतात. ए७० चा मोठ्यात मोठा फोटो २०४८ बाय १५३६ ठिपक्यांचा असतो. चार बाय सहा इंचांचा छापील फोटो उत्तम दर्जाचा करायला १८०० बाय १२०० ठिपके पुरतात. म्हणजे अल्बमसाठी हा कॅमेरा तेव्हाही पुरा होता, आजही आहे. कापून मोठं करायला किंवा भिंतीवर पोस्टर लावायला तो पुरणार नाही. तुम्हाला यातलं काय करायचंय ते आधी ठरवा, मग ३.२ हा आकडा कमी की पुरेसा ते आपोआप कळेल.

आजकालच्या मतांत आणखी एक दावा सतत भेटतो. जुन्या कॅमेऱ्यांत सीसीडी सेन्सर होता, म्हणून रंग फिल्मसारखे येतात. रंग वेगळे येतात हे खरं, ते आवडतात हेही खरं. पण त्याचं श्रेय एकट्या सीसीडीला देणं मला पटत नाही. रंग ठरतात ते सेन्सरवरच्या रंगीत गाळण्यांवर, कॅमेऱ्याच्या आतल्या प्रक्रियेवर, व्हाइट बॅलन्सवर. शिवाय समोरून थेट पडणारा फ्लॅश, आणि मोबाइलप्रमाणे अनेक फोटो एकत्र करून सावल्या उजळण्याची सोय नसणं, यांमुळे तो ‘जुना’ भाव येतो. केवळ ‘सीसीडी’ या तीन अक्षरांसाठी विक्रेता किंमत वाढवून सांगत असेल तर ती देऊ नका. त्याच कॅमेऱ्याने काढलेले फोटो पाहा आणि ते आवडले तर घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. २००३ मध्ये लिहिलेल्या मतांत जे असूच शकत नव्हतं, असं एक दुखणं या पिढीच्या कॅमेऱ्यांत नंतर उघड झालं. सोनीने बनवलेले काही सीसीडी सेन्सर अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत बसवले होते. त्यांच्या आतल्या बारीक तारांचे जोड उष्ण आणि दमट हवेत सुटू लागले. २००५ च्या ऑक्टोबरच्या सुमारास एकापाठोपाठ एक कंपन्यांनी हे जाहीर केलं आणि असे कॅमेरे वॉरंटी संपली असली तरी विनामूल्य दुरुस्त करून देऊ असं सांगितलं. कॅननच्या यादीत ए६०, ए७० आणि त्यानंतरचा ए७५ हे होते. त्यामुळे पहिल्या महिन्यात पाच तारे देणाऱ्या मालकाचा कॅमेरा दोन वर्षांनी काळा पडदा दाखवत असण्याची शक्यता होती, आणि त्याने आपलं जुनं मत बदललेलं नसे. म्हणून जुन्या मतांवरची तारीख पाहा. पहिल्या आठवड्यातलं मत कॅमेरा हातात कसा बसतो ते सांगेल. तो टिकला का, हे दोन-तीन वर्षांनंतरचं मतच सांगू शकतं.

उष्ण आणि दमट म्हणजे आपलं कोकण, मुंबई, गोवा. डेन्व्हरसारख्या कोरड्या गावातल्या मालकाचा ए७० वीस वर्षं ठणठणीत राहिला असेल, तेवढ्यावरून रत्नागिरीत कपाटात राहिलेल्या ए७० बद्दल काही ठरवू नका. विक्रेत्याला किंवा नातेवाइकाला हे जरूर विचारा की कॅमेरा इतकी वर्षं कुठे होता, आणि त्याचा सेन्सर कधी बदलून घेतला होता का. बदलून घेतलेला असेल तर तो कॅमेरा इतरांपेक्षा जास्त पैसे देऊन घेण्यासारखा आहे. आता ती विनामूल्य दुरुस्ती मिळण्याची आशा धरू नका.

प्रत्यक्ष पाहायला जाताना स्वतःचे चार चार्ज केलेले सेल, एक लहान कार्ड आणि मोबाइलचा टॉर्च सोबत न्या. मुंबईचा चोर बाजार असो की पुण्याचा जुना बाजार, ‘चालू आहे’ या शब्दांचा अर्थ पुष्कळदा लेन्स बाहेर येते एवढाच असतो. आधी सेलचं झाकण उघडा. आत पांढरी किंवा हिरवट पूड दिसली तर सेल गळलेले आहेत. थोडी असेल तर कापसाच्या बोळ्याला थोडं व्हिनेगर लावून पत्रे पुसता येतात, मग सुकवायचे. पण पत्राच खाल्ला गेला असेल तर सोडून द्या. झाकणाची कडी तुटलेली नाही ना तेही पाहा, कारण ती धड नसेल तर कॅमेरा मधूनच बंद पडतो.

मग चालू करा आणि कान द्या. लेन्स एका संथ आवाजात बाहेर यायला हवी. करकर आवाज आला किंवा मध्येच अडकून पडद्यावर ‘ई१८’ असं आलं, तर लेन्सची यंत्रणा अडकली आहे. वाळू आणि धूळ हे त्याचं नेहमीचं कारण, म्हणून समुद्रकिनारी फिरलेल्या कॅमेऱ्याबाबत जास्त सावध राहा. झूम पूर्ण आत-बाहेर करा, बंद करून पुन्हा चालू करा, आणि हे एकदाच न करता चार-पाच वेळा करा.

आता पडद्याकडे लक्ष द्या. कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे धरा. मेनू स्पष्ट दिसतो, जुने फोटो दिसतात, पण समोरचं दृश्य काळं, जांभळट किंवा आडव्या रेषांनी फाटलेलं दिसतं, असं असेल तर वर सांगितलेला सेन्सरचा आजार आहे. पडदा बिघडलाय, बाकी ठीक आहे, असं कुणी सांगितलं तरी ऐकू नका. पडदाच बिघडला असता तर मेनूही दिसला नसता. हा आजार कधी कधी कॅमेरा तापल्यावरच दिसतो, म्हणून दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवून पुन्हा पाहा. त्यानंतर टॉर्च तिरका धरून लेन्सच्या आत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. शेवटी एखाद्या दूरच्या इमारतीचा फोटो काढून त्याचे चारही कोपरे मोठे करून बघा. एकच बाजू धूसर असेल तर कॅमेरा कधीतरी पडलेला आहे.

कार्ड घालताना हलक्या हाताने घाला. कॉम्पॅक्टफ्लॅशच्या खाचेत बारीक पिना असतात, तिरकं दाबलं की त्या वाकतात. मोठं कार्ड विकत घेऊ नका, २ जीबी किंवा त्याहून लहान घ्या आणि ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. ए७० सोबत मूळ १६ एमबीचं कार्ड येई, त्यात उत्तम दर्जाचे जेमतेम आठ-दहा फोटो मावत. जुन्या मालकांची त्यावरची चिडचिड रास्त होती, आता तिचं कारण उरलेलं नाही. फोटो संगणकात घ्यायला जुनी सॉफ्टवेअर शोधत बसू नका, साधा कार्ड रीडर घ्या. दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा पाहत असाल तर कार्ड कुठलं लागतं हे आधी विचारा. स्मार्टमीडिया आणि एक्सडी कार्डं आता शोधावी लागतात आणि महाग पडतात. एसडी कार्ड लागणाऱ्या त्या काळच्या कॅमेऱ्यालाही आजचं ३२ जीबीचं कार्ड ओळखता येत नाही, त्यालाही २ जीबीपर्यंतचंच द्यावं लागतं.

घरात कुणाचा जुना कॅमेरा मिळाला आणि आत कार्ड असेल, तर चुकूनही ते आधी फॉरमॅट करू नका. कार्ड बाहेर काढून त्यातलं सगळं संगणकावर उतरवून घ्या. फोटो पुसलेले दिसले तरी त्या कार्डावर नवं काही लिहिलं नसेल तर ते परत मिळवणारी सॉफ्टवेअर आहेत.

कॅमेरा लांबून मागवणार असाल तर विक्रेत्याकडे त्याच कॅमेऱ्याने हल्ली काढलेल्या एका फोटोची मूळ फाइल मागा. ती ई-मेलने किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवली की ती लहान होते आणि तिच्या आतली माहितीही जाते. मूळ फाइलमध्ये कॅमेऱ्याचं मॉडेल, तारीख, शटर, आयएसओ सगळं नोंदलेलं असतं. तारीख २००३ ची किंवा भलतीच असेल तर लगेच संशय घेऊ नका, घड्याळाचा बटण-सेल संपला की तारीख मूळपदावर जाते. विक्रेत्याला सांगा, आजच्या वर्तमानपत्राचा फोटो काढून त्याची फाइल पाठवा. जो खरोखर कॅमेरा वापरून पाहतो तो हे आनंदाने करेल.

बिघडलेला कॅमेरा घरी उघडू नका. फ्लॅशसाठी आत एक कपॅसिटर असतो आणि त्यात सेल काढल्यावरही शेकडो व्होल्टचा भार राहू शकतो. त्याचा झटका गंभीर असतो. मुलांच्या हाती तर असा उघडा कॅमेरा अजिबात पडू देऊ नका.

चांगला कॅमेरा मिळाला, तर पावसाळ्यात ठेवताना सेल काढून ठेवा आणि हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. कातडी पाकिटात कोंडून ठेवू नका, त्यात ओल धरते आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

आणि महिना-दोन महिने वापरून झाल्यावर स्वतःचं मत पुढच्या माणसासाठी जरूर लिहा, कारण या कॅमेऱ्यांबद्दल आपल्या हवेतली, आपल्या भाषेतली माहिती फारच थोडी आहे. ‘मस्त कॅमेरा’ लिहून थांबू नका. कुठल्या गावात वापरला, कुठले सेल घातले आणि एका चार्जमध्ये किती फोटो निघाले, कार्ड किती जीबीचं चाललं, सेन्सर बदललेला आहे की मूळचा, जुलै-ऑगस्टमध्ये काही कुरकुर केली का, एवढं लिहिलंत तर चिपळुणात किंवा पणजीत बसून ए७० घ्यावा की नाही या विचारात असलेल्या माणसाला ठरवायला ते पुरेसं आहे.